कार्व्हरचा जॉर्ज आणि जॉर्ज कार्व्हर



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला की श्रोत्यांना वाटते, आता मजुरी, बोनस आणि मोर्चा यांखेरीज दुसरे काही कानांवर पडायचे नाही. चालकांनी मला विषयाची मोकळीक दिली, तेव्हा मी एक आडनाव निवडले. 'कार्व्हर' हे ते आडनाव. हे आडनाव लावणाऱ्या तीन माणसांविषयी मी बोलणार आहे. एक गव्हर्नर होता, एक मालक होता आणि एक गुलाम होता. तिघांत रक्ताचे नाते नाही. तरीही या आडनावाचा माग काढत गेले की वाट आपल्या यवतमाळच्या हजेरीबुकापर्यंत येऊन पोचते, असे मला दिसले. म्हणून हा विषय.

माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण हमालांच्या अड्ड्यावर आणि वाचनालयात झाले. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हे पुस्तक १९८१ साली निघाले. ते मी जिनिंगच्या रात्रपाळीत, रेच्यांच्या आवाजात वाचले. आपल्यापैकी पुष्कळांनी ते वाचले असेल. तेव्हा सबंध चरित्र सांगून मी आपला वेळ घेत नाही. मला बोलायचे आहे ते त्या थोर माणसाच्या केवळ आडनावाविषयी.

आडनावे कशी तयार होतात हे पाहू लागलो तर जगभर तीन-चारच कारखाने दिसतात. पहिला कारखाना गावाचा. पुसदकर, दारव्हेकर, वणीकर ही आडनावे त्यातून निघाली. इंग्रजांतही असेच आहे. 'ब्रॅडफर्ड' म्हणजे नदी ओलांडायचा रुंद उतार असलेले ठिकाण. दुसरा कारखाना कामाचा. लोहार, सुतार, तांबट, रंगारी हे आपल्याकडचे; स्मिथ, टेलर, कूपर हे तिकडचे. तिसरा कारखाना अधिकाराचा. देशमुख, देशपांडे, पाटील हे मुळात हुद्दे होते. महसुली पाटलाचा हुद्दा १९६२ च्या कायद्याने गेला, आडनाव मात्र राहिले. आपल्या जिल्ह्यात चौथाही एक आहे. गोंड बांधवांची आडनावे कुळ आणि देव यांच्याशी बांधलेली असतात. टेकाम हे कूळ सागाच्या झाडाशी नाते सांगते.

अधिकाराच्या आडनावांत एक आपल्या फार जवळचे आहे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवणारे बंजारे तांड्याने चालत. तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणत. रस्ते आणि रेल्वे आल्या, पाठीवरचा व्यापार बसला आणि तांडे जागोजाग स्थिरावले. कित्येक तांडे आजही आपल्या पहिल्या नाईकाच्याच नावाने ओळखले जातात. पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. रानोमाळ चालणाऱ्या तांड्याच्या पुढाऱ्याची पदवी राज्याच्या पहिल्या खुर्चीपर्यंत गेली. आडनाव केवढा प्रवास करू शकते, याचे हे घरचे उदाहरण.

आता 'कार्व्हर' कोणत्या कारखान्यातले? ते कामाचे आडनाव आहे. लाकडावर किंवा दगडावर कोरीव काम करणारा तो कार्व्हर. नामकोश दुसराही उगम सांगतात: जुन्या फ्रेंचमध्ये नांगर चालवणाऱ्याला जो शब्द होता, त्यावरूनही हे आडनाव आले असावे. म्हणजे अर्थ कोणताही घ्या, पटाशी धरणारा हात घ्या की नांगराची मूठ धरणारा, हात कामकऱ्याचाच आहे.

यातला पहिला माणूस जॉन कार्व्हर. १६२० साली 'मेफ्लॉवर' नावाच्या गलबतातून एकशे दोन माणसे इंग्लंडहून अमेरिकेस निघाली. किनाऱ्याला लागल्यावर, उतरण्यापूर्वी, त्यांतील एकेचाळीस पुरुषांनी एका करारावर सह्या केल्या, की आपण मिळून कायदे करू आणि ते पाळू. जॉन कार्व्हर त्यांचा पहिला गव्हर्नर झाला. पहिल्या हिवाळ्यात निम्मी माणसे मेली. जमीन त्यांची नव्हती. ती तेथल्या मूळ रहिवाशांची होती. वांपानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट याच्याशी मार्च १६२१ मध्ये तह झाला, तेव्हा वसाहतीच्या बाजूने हाच कार्व्हर होता. मक्याच्या आळ्यात मासे घालून खत कसे करायचे हे टिस्क्वांटम नावाच्या तेथल्याच माणसाने त्यांना शिकवले. जो पाहुणा घरधन्याकडून पेरणी शिकला, तोच पुढे घराचा धनी झाला. वसाहतींचा इतिहास सगळीकडे असाच आहे.

परंतु जॉन कार्व्हरचा मृत्यू मला महत्त्वाचा वाटतो. एप्रिल १६२१. पेरणी चालू होती. दिवस उन्हाचा होता. गव्हर्नर शेतातून घरी आला, डोके फार दुखते म्हणाला, आडवा झाला, थोड्याच वेळात शुद्ध हरपली आणि काही दिवसांत तो गेला. त्याच्यानंतर गव्हर्नर झालेल्या विल्यम ब्रॅडफर्डने हे लिहून ठेवले आहे. मंडळी, वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो. सडकेच्या कामावर, वीटभट्टीवर, कापसाच्या गंजीवर काम करणाऱ्या माणसाचे डोके दुखू लागते, तो सावलीला आडवा होतो आणि उठत नाही, हे आपण ऐकत आलो आहोत. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या गव्हर्नराची हकीकत वाचताना मला ती परक्या देशाची वाटलीच नाही. फरक इतकाच, की त्याचे नाव इतिहासात लिहिले गेले. आपल्या माणसाचे नाव पुष्कळदा पंचनाम्यातसुद्धा धड लिहिलेले नसते.

आणखी एक गंमत पाहा. जॉन कार्व्हरच्या मागे त्याचा वंश उरला नाही, असे इतिहासकार मानतात. त्याच गलबतातून त्याचा एक चाकर आला होता, जॉन हॉवलंड. वाटेत वादळात तो समुद्रात पडला आणि एका दोराला धरून वाचला. या चाकराचा वंश अमेरिकेत एवढा वाढला, की फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोघे बुश असे तीन अध्यक्ष त्यात निघाले. धन्याचे आडनाव वंशाने पुढे गेले नाही, चाकराचे गेले.

आता दुसरा कार्व्हर. मोझेस कार्व्हर हा मिसूरी प्रांतातला शेतकरी. पहिल्या कार्व्हरशी याचा काही संबंध नव्हता. कामाची आडनावे सगळ्या मुलखात विखुरलेली असतात. १८५५ साली त्याने सातशे डॉलरला मेरी नावाची एक मुलगी विकत घेतली. तो मनाने गुलामगिरीच्या विरुद्ध होता असे म्हणतात. शेतावर हात कमी पडत होते म्हणून त्याने घेतली. माणूस मनाने विरुद्ध असतो आणि व्यवहाराने सामील असतो. हे आपल्यालाही नवे नाही. मेरीला मुलगा झाला, साधारण १८६४ च्या सुमारास. नेमकी तारीख कोणी लिहिली नाही. गुरांची नोंद असे, गुलामाच्या मुलाची तारीख कोण ठेवणार? तान्ह्या मुलासह मेरीला रात्री लुटारूंनी पळवले. मोझेसने माणूस पाठवला. मूल परत मिळाले, आई मिळाली नाही. मूल परत आणणाऱ्याला मोबदला म्हणून एक घोडा दिला. हाच आपला जॉर्ज.

येथे थोडे थांबून आपल्या मुलखाकडे पाहू. १८६१ ते १८६५ अमेरिकेत जे यादवी युद्ध झाले, त्यात गुलामगिरी संपली. त्याच युद्धात दक्षिणेकडच्या बंदरांची कोंडी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि इंग्रजांचे डोळे वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीकडे वळले. वऱ्हाड १८५३ पासून त्यांच्या कारभाराखाली होतेच. कापसाचा भाव चढला, ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी आली. आपला हा भाग वेगळा जिल्हा झाला तोही १८६४ साली. पुढे त्याला वणी जिल्हा म्हणत आणि १९०५ मध्ये त्याला यवतमाळचे नाव मिळाले. कापूस न्यायला मूर्तिजापुराहून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची आगगाडी आली. ती शकुंतला आता धावत नाही, पण कापूस राहिला. एकाच युद्धाने तिकडे जॉर्जच्या पायातली बेडी काढली आणि इकडे आपल्या शेतकऱ्याच्या गळ्यात कापसाचा बाजार बांधला. युद्ध संपताच भाव कोसळले, ते कसे कोसळतात हे आपल्याला कोणी सांगायला नको.

आता तिसरा कार्व्हर. गुलामगिरी गेली, तरी आईवेगळा जॉर्ज मोझेस आणि सुसान यांच्याच घरी वाढला. त्या बाईने त्याला अक्षर-ओळख करून दिली. त्या दोघांनी त्याला माया लावली. त्याला नाव विचारले तर तो सांगे, 'कार्व्हरचा जॉर्ज'. गुलामांना आडनाव नसे, मालकाची षष्ठी विभक्ती असे. काळ्या मुलांची शाळा निओशो गावात होती. दहा-बारा वर्षांचा जॉर्ज पायी तिकडे गेला आणि मरिया वॉटकिन्स नावाच्या बाईच्या दारी पोचला. ही बाई दाईचे आणि धुण्याचे काम करणारी होती. तिने नाव विचारले. सवयीप्रमाणे तो म्हणाला, कार्व्हरचा जॉर्ज. तिने त्याला बजावले, की आजपासून तू जॉर्ज कार्व्हर.

बंधुभगिनींनो, माझ्या सगळ्या बोलण्याचे मर्म एवढेच आहे. शब्द तेच दोन. मधला एक 'चा' गळून पडला. परंतु 'चा' असताना तो कोणाची तरी वस्तू होता, आणि 'चा' गेल्यावर तो माणूस झाला. सरकारचा कायदा १८६५ मध्येच झाला होता. तो या मुलापर्यंत पोचवला एका धुणे धुणाऱ्या बाईने, आणि तोही दहा वर्षांनी. मोझेस कार्व्हर दुष्ट नव्हता, हे मी मुद्दाम सांगितले. धनी चांगला असला म्हणजे चाकराला स्वतःचे नाव नको, असे होत नाही.

बुकर वॉशिंग्टन यांची गोष्ट अशीच आहे. तेही जन्माने गुलाम. शाळेत हजेरी घेताना इतर मुलांना दोन-दोन नावे आहेत आणि आपल्याला एकच आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. गुरुजी जवळ येईपर्यंत त्यांनी विचार केला आणि सांगितले, 'बुकर वॉशिंग्टन'. अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षाचे आडनाव त्या पोराने हजेरीत लावून टाकले. पुढे १८९६ साली याच बुकर वॉशिंग्टन यांनी जॉर्ज कार्व्हरला आपल्या टस्कीगीच्या संस्थेत बोलावले. नंतरच्या काळात माल्कम एक्स यांनी उलटा मार्ग धरला. गुलामीतून आलेले आडनाव मला नको, म्हणून त्यांनी त्या जागी नुसते एक अक्षर लावले. कोणी मालकाचे आडनाव स्वतःच्या कामाने आपले करतो, कोणी ते फेकून देतो. आपल्याकडेही हीणवणारी आडनावे कित्येकांनी बदलली, कित्येकांनी ती तशीच ठेवून त्यांना मान मिळवून दिला. निवड ज्याची त्याने करायची. दुसऱ्याने करायची नाही, एवढेच.

जॉर्जने त्या आडनावाचे काय केले, हे आपण जाणता. एकोणीसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेच्या दक्षिणेत कापसावर कापूस घेऊन जमिनी थकल्या होत्या. शेतकरी बहुतेक वाटेकरी. व्यापारी उधारी देई ती कापसावरच, म्हणून दुसरे काही पेरायची सोय नाही. कार्व्हरने त्यांना सांगितले, कापसाच्या पाठी चवळी पेरा, भुईमूग पेरा, रताळी लावा. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. पैसा न खर्चता जमीन सुधारते. वाचता न येणाऱ्यांसाठी १९०६ पासून त्याची गाडी अवजारे आणि नमुने घेऊन गावोगाव जाऊ लागली. पऱ्हाटीत तुरीचे तास घालणाऱ्या आपल्या जुन्या शेतकऱ्याला त्याची भाषा दुभाष्याशिवाय कळली असती. सत्तेचाळीस वर्षे एकाच संस्थेत काम करून १९४३ मध्ये तो वारला. आज 'कार्व्हर' म्हटले की महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालासुद्धा गव्हर्नर आठवत नाही, मालक आठवत नाही. आठवतो तो गुलाम आईच्या पोटी जन्मलेला शेतीतज्ज्ञ. आडनावाचा धनी शेवटी कोण? ज्याने ते आपल्या हाताने भरले तो.

आता एक फरकही सांगितला पाहिजे. शिकण्याच्या वयात जॉर्जला कॅन्सस प्रांतातील हायलँड येथील एका महाविद्यालयाने पत्राने प्रवेश दिला. तो तेथे पोचल्यावर त्याचा रंग पाहून तो नाकारला. म्हणजे नाव वाचून दार उघडले आणि तोंड पाहून बंद झाले. आपल्याकडे याच्या उलट आहे. आपल्याकडे तोंड पाहून काही कळत नाही. आडनाव वाचून सगळे कळते, निदान कळले असे लोक समजतात. ॲडम स्मिथचे अर्थशास्त्र वाचताना, हा लोहारांपैकी की काय, असे इंग्लंडात कोणी विचारत नाही. आपल्याकडे लोहार म्हटले की ऐरण दिसत नाही, पायरी दिसते. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांकडे पाठवले होते. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याचा संभव कमी, असे आढळले. खोली भाड्याने देताना 'पूर्ण नाव काय?' असे कशासाठी विचारतात, हे या सभागृहातील सर्वांस माहीत आहे.

आणि आडनाव सांगायचीही पाळी ज्याच्यावर येत नाही, त्याचे काय? वऱ्हाडात पाडव्याला सालगडी ठरतो. संघटनेच्या नोंदणीसाठी मी एकदा वही घेऊन बसलो होतो. एका माणसाने आपले नुसते नाव सांगितले. मी विचारले, "पुढे काय लिहू?" तो म्हणाला, "पाटलाचा गडी आहो जी, तसंच लिहा." मी जॉर्जचे पुस्तक वाचलेला माणूस; माझी लेखणी थांबली. त्याला बापाचे नाव होते, आडनाव होते. पण वर्षानुवर्षे कोणी ते विचारले नव्हते, म्हणून सांगायची सवय गेली होती. वेचणीला जाणाऱ्या बायांचे तर विचारूच नका. अमकीची सून, तमक्याची बायको, हीच हजेरी. बँकेच्या पुस्तकात माहेरचे नाव, शिधापत्रिकेवर सासरचे, आणि मजुरीच्या यादीत तिसरेच. मग कष्टाचा पैसा तीन नावांत अडकून पडतो. घाम एकीचा, आणि कागदावर ती तिघी.

हा नुसता मानाचा प्रश्न नव्हे. २०१७ साली कापसावर फवारणी करताना आपल्या जिल्ह्यात विषबाधा झाली. शेकडो माणसे आजारी पडली आणि वीसच्या आसपास दगावली. त्यांत दुसऱ्याच्या शेतावर रोजाने फवारणारे पुष्कळ होते. अशा मजुराजवळ तो कोणाकडे कामाला होता याचा कागद नसतो. काम असेपर्यंत तो अमक्याचा गडी असतो. मेला की तो कोणाचाच नसतो. 'चा' आणि 'ची' फक्त कामापुरती. जबाबदारीच्या वेळी तीच विभक्ती गळून पडते. जॉर्जचा 'चा' गळाला तेव्हा तो माणूस झाला. आपल्या मजुराचा 'चा' गळतो तेव्हा तो बेवारस होतो, कारण त्या जागी त्याचे स्वतःचे नाव आपण लिहिलेले नसते.

नाव लिहिल्याने काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९६९ साली, वसंतराव नाईकांच्याच काळात, माथाडी कायदा झाला. तोवर हमाल हा कोणाचाच नोकर नव्हता. आज या वखारीत, उद्या त्या. कायद्याने मंडळे नेमली, हमालाचे नाव नोंदवहीत आले, आणि नावामागून भविष्य निर्वाह निधी आला, रजा आली, जखमेची भरपाई आली. ही गोष्ट सहज घडली नाही, हमालांच्या लढ्याने घडली. पण लढ्याचे फळ कोणते? वहीत एक ओळ. नोव्हेंबर २०२५ पासून ज्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत, त्यांविषयी आम्हां संघटनांचे आक्षेप पुष्कळ आहेत आणि ते आम्ही मांडणारच. परंतु कामगाराला नेमणूकपत्र द्यावे अशी त्यांत जी तरतूद आहे, ती मी दोन्ही हातांनी धरीन. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलाच्या नावात आईचेही नाव लावायचे, हा आपल्या राज्याचा निर्णय आहे. मेरीचे नाव जॉर्जच्या नावात कोठेच नव्हते, हे आठवले म्हणजे त्या निर्णयाचे मोल कळते.

मी आपणांकडे वर्गणी मागायला आलो नाही. मोर्चालाही या म्हणत नाही. आलात तर आनंद आहे. माझे मागणे लहान आहे. येथे दुकानदार आहेत, शेतमालक आहेत, शिक्षक आहेत, घरी भांडी-धुण्याला बाई असणाऱ्या भगिनी आहेत. आपल्याकडे राबणाऱ्या माणसाचे पूर्ण नाव आपल्याला ठाऊक आहे का, एवढे घरी गेल्यावर आठवून पाहावे. ठाऊक नसेल तर विचारावे, जात काढण्यासाठी नव्हे, लिहिण्यासाठी. पगार देताना एका वहीत ते नाव, तारीख आणि रक्कम लिहावी, आणि त्याची किंवा तिची सही घ्यावी. सही येत नसेल तर आपल्या मुलांना ती शिकवायला सांगावे. कायदा तालुक्यापर्यंत येतो, फार तर तलाठ्यापर्यंत येतो. तेथून पुढे दारापर्यंत तो कोणीतरी न्यावा लागतो. निओशो गावात ते काम एका दाईने केले. तिच्याजवळ कसलाही अधिकार नव्हता. तिने एका पोराचे नाव नीट घेतले, इतकेच.